पर्यावरणाचा धडा आणि कामगाराचे घर



शाळेत हवामानबदल कसा शिकवावा, हा विषय व्याख्यानमालेने एका कामगार कार्यकर्त्याकडे का सोपवला, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. आम्ही शिक्षक नाही. आमची शाळा आठवीत सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांवर व कारखान्यांच्या गेटवर झाले. पण ज्यांची मुले महापालिकेच्या शाळांत जातात, त्या माणसांत आमचा दिवस जातो. ती मुले काय शिकून घरी येतात, ते आमच्या कानी पडते. तेवढ्याच अधिकारावर आज बोलणार आहोत.

पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी सांगितले. त्याला आता तीन तपे होत आली. कोणी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्राथमिक वर्गांत परिसर अभ्यास आला, नववी-दहावीला जलसुरक्षा आली, अकरावी-बारावीलाही पर्यावरण आले. 2020 साली सरकारने ‘माझी वसुंधरा’ हे अभियान काढले. पुस्तके आम्ही चाळली आहेत, ती वाईट नाहीत. पण विषय श्रेणीचा, आणि ज्याचे गुण टक्क्यांत धरत नाहीत तो आपल्याकडे मनावर घेतो कोण? शाळेसमोरच्या दुकानात तयार चित्रे मिळतात; ती प्रकल्पवहीत डकवली की वसुंधरा वाचली! एका प्रदर्शनात थर्माकोलची मोठी सुबक पृथ्वी आम्ही पाहिली. थर्माकोलच्या वस्तूंवर राज्याने 2018 सालीच बंदी आणली होती, हे तिथे कोणाच्या ध्यानी आलेले दिसले नाही.

पण आमची खरी तक्रार निराळी आहे. हा धडा कोणत्या घराशी बोलतो? नळ वाहता ठेवू नका, खोलीबाहेर पडताना दिवे मालवा, गाडीऐवजी सायकल वापरा. उपदेश चांगलाच आहे. परंतु ज्या वस्तीत पाणी तासभर येते, घरात खोली एकच आहे आणि बाप पेट्रोल परवडत नाही म्हणून सायकलवरून अंबडला जातो, तिथल्या मुलाने यातून काय घ्यावे? पृथ्वी तापली ती आपल्यासारख्यांमुळे, एवढेच तो शिकतो. कारण समजण्याआधी त्याच्या पदरी दोष येतो.

कारण तर साधे आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसाने हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 280 होता तो 420 च्या वर नेला. हा वायू जमिनीतून परत निघणारी उष्णता अडवतो. यंत्रयुगापूर्वीच्या मानाने 2024 हे साल सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण गेले. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते एकदम ओतते. 26 नोव्हेंबर 2023 रोजी निफाडकडे द्राक्षबागांवर गारा कोसळल्या. एकाच गारपिटीवर हवामानबदलाचा शिक्का मारणे शास्त्राला धरून नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. बागाईतदाराचे नुकसान एकरी रुपयांत मोजले जाते, आणि ते मोजलेच पाहिजे. परंतु पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला आणि तोडणीला आलेल्या बायांचे बुडलेले रोज कोणत्या पंचनाम्यात चढतात? नाशिकच्या शाळेत गणिताच्या तासाला हा हिशेब का घालू नये?

आपल्याकडे शिकवण्याची साधने तर पावलोपावली आहेत. गंगेला पूर आला की नाशिककर विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले? कमरेला, छातीला की गळ्याला? सरकारी मोजपट्टी कोणी वाचो न वाचो, ही मोजपट्टी सगळ्या गावाला वाचता येते. 1969, 2008, 2016, 2019, या पुरांच्या आठवणी काठावरच्या घरांतून अजून जिवंत आहेत. सातवीचा वर्ग वही घेऊन सराफ बाजारात गेला, कोणाच्या दुकानात किती पायऱ्या बुडाल्या ते विचारत फिरला, गंगापूर धरणातून त्या दिवशी किती पाणी सोडले ते पाटबंधारे खात्याकडून मागून आणले, तर मुलांच्या हाती दस्तऐवज येईल. पूर पावसाने किती आला आणि पात्रात बांधकामे झाल्याने किती, हा प्रश्न ती मुले आपण होऊन विचारतील.

दुसरे उदाहरण एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचे. तिथले 140 मेगावॉटचे दोन जुने संच 2011 साली बंद झाले. पुढचे तीन 210 मेगावॉटचे. असा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला पन्नास लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर साडेतीन हजार टन होतात. हे त्रैराशिक सहावीच्या मुलाला येते. पण त्याच वर्गात केंद्रावर काम करणाऱ्याचा मुलगा बसलेला असतो. धुराचा हिशेब मांडून झाल्यावर तो गप्प होणार. त्याच्या गप्प होण्याला उत्तर देता येत नसेल, तर तो धडा अर्धाच राहिला, असे आम्ही मानतो.

हे कल्पनेने सांगत नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम आले. धूर कमी करणारा नियम. आमचा त्याला विरोध नव्हता आणि आजही नाही. पण डिझेल इंजिनाचे जुन्या पद्धतीचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या सुमारास काही लाइनी थांबल्या, आणि पहिल्यांदा बाहेर पडले ते कंत्राटी कामगार. त्यांच्यापैकी एकाची नववीतली मुलगी युनियनच्या खोलीवर आली आणि विचारू लागली, “काका, धूर कमी व्हायला पाहिजे असं पुस्तकात आहे. मग बाबांचं काम का गेलं?”

आम्ही तिला सांगितले, “बाई, नियम बरोबर आहे. पण त्याचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवायला तुझ्या बापाला कोणी बोलावले नाही.” 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे; तो यावा म्हणून जगभरच्या कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे खटपट केली. तेवढी ओळ आम्ही तिला वहीत उतरवून घ्यायला लावली. शाळेतही ती शिकवली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.

हा विचार आमचा नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे ज्ञान मागितले, आणि पुढच्या वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना पाणी व माती अडवणाऱ्या ताली-बंधाऱ्यांचा आग्रह धरला. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात गेली! मुलाचे काम हा तिथे अडथळा मानला गेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडतील. आमच्या युनियनमध्ये निवृत्त बॉयलर अटेंडंट आहेत, फिटर आहेत, भट्टीवर तीस वर्षे काढलेली माणसे आहेत. पत्र्याखाली आणि लिंबाखाली एकाच वेळी तापमापक लावून उष्णता म्हणजे काय हे ती मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले सांगतील. त्यांना मानधन नको. ज्या मुख्याध्यापकांना असे तास घ्यायचे असतील, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला इथेच भेटावे. शनिवारची सकाळ सर्वांत सोयीची.