मुलांना बागेत न्या, पण हाताला काम द्या
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आज मी खताबद्दल, फवारणीबद्दल किंवा बाजारभावाबद्दल बोलणार नाही. आजचा विषय मुलांच्या सहलीचा आहे. कृषी मेळाव्यात हा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. पण थोडे ऐकून घ्यावे.

मे महिना आला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाड्यांतून मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह उतरतात. दोन दिवस समुद्र, एक दिवस सिंधुदुर्ग किल्ला, एक दिवस देवळात गाऱ्हाणे, की परतीची गाडी. अशा मुलांना मी एक प्रश्न मुद्दाम विचारतो: काजूची बी बोंडूच्या आत असते की बाहेर? मुंबईच्या मुलांचे सोडा, ज्यांच्या परसात काजूची दहा झाडे आहेत त्या मुलांपैकीही काहीजण घुटमळतात. ती शाळेत जातात, शिकवणीला जातात, आणि बागेत गडी जातो. उद्या याच मुलांची नावे तुमच्या सात-बाऱ्यावर लागणार आहेत. ज्याने बाग कधी हाताळली नाही तो ती राखील कशी? गावोगावी पडीक राहिलेले मळे आणि वरकस जमिनी आपण पाहतोच आहोत.

हल्ली ठिकठिकाणी मुलांसाठी शेती-उद्याने निघाली आहेत. कल्पना चांगली आहे. लंडनसारख्या शहरात १९७२ साली केंटिश टाउन भागात शहरी मुलांसाठी शेत सुरू झाले, ते आजही चालू आहे. आपल्याकडे २००५ च्या सुमारास बारामती भागात कृषी पर्यटनाला संघटित सुरुवात झाली. पण एक अनुभव सांगतो. नातवाला घेऊन मी घाटावरच्या अशाच एका उद्यानात गेलो होतो. ससे पिंजऱ्यात, गाय सिमेंटची, बैलगाडीची एक फेरी आणि बाकी सगळे झोके नि घसरगुंडी. एका कोपऱ्यात वांग्याचा खरा वाफा होता. नातू तिथे थांबला आणि म्हणाला, "आजोबा, ही पाने कोणी खाल्ली?" तिथला माणूस म्हणाला, "चला, चला, पुढे चला." साऱ्या दिवसात थांबण्यासारखी तेवढी एकच जागा होती! घरी आल्यावर पोराला आठवली ती घसरगुंडी.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की मुलाला शेती नुसती दाखवून उपयोग नाही. त्याच्या हाताला काहीतरी काम मिळाले पाहिजे आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले पाहिजे. त्यासाठी उद्यान बांधावे लागत नाही. तुमची बाग पुरेशी आहे.

हे बोललो की कोणीतरी म्हणतोच, "आमच्या वाडीत बघूक काय आसा?" सांगतो काय आहे ते.

माडापासून सुरुवात करू. चांगल्या माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या आणि बारा पोया येतात, म्हणजे सरासरी महिन्याला एक. पोय उमलल्यापासून नारळ पक्का व्हायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणजे एकाच माडावर वर्षभराचे महिने एकाखाली एक टांगलेले असतात! मुलांना शेंड्याकडून खाली पेंडी मोजायला लावा. सहा-सात महिन्यांच्या पेंडीतले शहाळे उतरवून प्यायला द्या, मग पक्का नारळ फोडून दाखवा आणि विचारा, पाणी कमी कसे झाले, खोबरे कुठून आले? खोडावरचे वण मोजायला सांगा. गळलेल्या प्रत्येक झावळीचा एक वण असतो, तेव्हा बारा वणांचे अंदाजे एक वर्ष धरावे. ज्या भागात वण दाटीने आहेत, त्या वर्षांत माडाची उंची कमी वाढली. त्या वर्षांत काय घडले होते, ते तुम्हालाच आठवेल. झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर ते गेंडा भुंग्याचे काम. आकडीने शेंड्यातून भुंगा काढताना पाहिलेला मुलगा तो दिवस विसरणार नाही. नुकसान लपवू नका. मुलांना तेच जास्त समजते.

आता काजू. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मुलांच्या हाती एक पिशवी द्या आणि झाडाखालच्या बिया वेचायला सांगा. वेंगुर्ला-४ जातीची बी सरासरी ७.७ ग्रॅमची असते, म्हणजे एका किलोला सुमारे १३० बिया. तेवढ्या वेळा वाकायचे आणि बोंडू पिळून बी सुटी करायची. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे दहा ग्रॅमची, तिथे शंभरात किलो भरतो. मोठ्या बीची जात कशासाठी काढली, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. त्या किलोभर बियांतून गर निघतो फक्त तीनशे ग्रॅमच्या आसपास. हा हिशेब ज्याने पाठ मोडून केला, तो काजूगराच्या भावावर बापाशी वाद घालणार नाही. मात्र कच्ची बी दाताने फोडू देऊ नका. टरफलातले तेल ओठ नि हात भाजते. बोंडूचा रस कपड्यांवरून जात नाही, तेव्हा मुलांना जुने कपडे घालून आणण्याचा निरोप आयांना आधीच द्यावा. नाहीतर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही.

कोकमाचेही असेच. बियांपासून वाढलेल्या झाडांत जवळजवळ निम्मी नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही, हे ऐकून मुलांना फार मौज वाटते. त्यांच्याकडून दोन शेर रातांबे फोडून घ्या, सालांना रसाची पुटे देऊन वाळवायला लावा. आमसूल तयार होईपर्यंत चाकरमानी परत गेलेले असतील, ते मागाहून पाठवा.

तुमच्या गोठ्यात कोकण कपिला गाय किंवा तोंडावर पांढरे पट्टे असलेली कोकण कन्याळ शेळी असेल, तर सशाचा पिंजरा आणायचे कारण नाही. मुलांना चारा घालू द्यावा, शेण काढू द्यावे. प्रथम नाक मुरडतील, मग हात सोडणार नाहीत.

आपल्या स्वतःच्या मुलांसाठीही एक दिवस काढावा. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आपल्या दाराशी आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली निघालेला 'रत्ना' आणि पुढे १९९२ साली आलेला अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' हे दोन्ही आंबे तिथलेच. आगाऊ विचारून जावे, कलमे बांधायच्या दिवसांत जमले तर उत्तम. मुलाने स्वतः बांधलेले एक कलम घरी आले की पाणी घालायला त्याला सांगावे लागत नाही.

आता काळजीच्या गोष्टी, आणि इथे मी थोडा कडक बोलणार आहे. बावीला कठडा किंवा जाळी नसेल तर मुलांना बोलावूच नका. माडाखाली पंगत बसवू नये. आंब्यावर फवारणी झाली असेल तर त्या दिवसांत बाग बंद ठेवावी आणि औषधांच्या खोलीला कुलूप असावे. जनावरांना हात लावल्यावर, जेवणाआधी, प्रत्येक मुलाचे हात साबणाने धुतले गेले पाहिजेत. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली आणि पुढे बांदा परिसरात माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे या काजूच्याच हंगामात असतो. तेव्हा रानालगतच्या बागेत मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पालापाचोळ्यात बसू देऊ नये, घरी गेल्यावर अंघोळ घालून अंग तपासावे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

पैशांबद्दल बोलायला आपल्याला संकोच वाटतो. भावाच्या मुलांकडून कोणी पैसे घेत नाही, पण परकी कुटुंबे आली तर घ्यावेत. तुमचा दिवस मोडतो, शहाळी उतरवायला माणूस लागतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण त्याचा पैसा बराचसा किनाऱ्यावरच राहिला. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले. त्याप्रमाणे किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. मात्र लगेच खोल्या बांधण्यासाठी कर्ज काढू नका. पहिल्या वर्षी चार-पाच कुटुंबे, तीही एका दिवसापुरती बोलवा. काय जमते आणि घरातल्या बायकांवर स्वयंपाकाचा किती भार पडतो, ते आधी पाहा. तो भार झेपत नसेल तर पेज, उकडा भात, सोलकढी एवढेच ठेवावे. मुले तेच आवडीने जेवतात.

आणि बोलवायचे ते मेमध्येच असेही नाही. जुलैत लावणीचा चिखल असतो, दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी, नाताळात आंब्या-काजूचा मोहोर. लावणीला मुले आणलीत तर त्यांना एक कुणगा वेगळा द्यावा. रोपे वाकडीतिकडी लागतील, मागाहून उपटून सरळ करू नका. कापणीला आली की ती त्यांनाच दाखवायची आहेत.