दुहेरीतलं दुसरं नाव



१९९४ साली आपण यवतमाळात शाळेत होतो, तेव्हा हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससोबत गौरव नाटेकरांनी टेनिसच्या दुहेरीत सुवर्ण जिंकलं. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचे ते चिरंजीव. दोन वर्षांनी अटलांटात पेसला कांस्य मिळालं आणि आपल्याला एकच नाव पाठ राहिलं.

दुहेरीचं कोर्ट २७ ऐवजी ३६ फूट रुंद. ते एकट्याला झाकत नाही. जाळ्याजवळचा जोडीदार हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो, टाळ्या मात्र सर्व्हिसला! सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला ती बोटंच ओळखीची वाटतात.

संपादकांना एक विनंती. स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारी आपली घंटा देणाऱ्या काकांचंही नाव छापा. पूर्ण नाव. कुणाला ठाऊक असेल तर आत्ताच सांगा.