मानेची शीर आणि चालण्याचा तोल

विहिरीवरून पाणी घेऊन येणारी बाई तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, पायाखाली दगडगोटे. पण पाणी हिंदकळत नाही. आपण म्हणतो, पायांना सवय झाली आहे. खरे म्हणजे यात पायांइतकाच मानेचाही वाटा आहे. आज या मानेविषयीच बोलायचे आहे. तिच्यातली शीर दबली म्हणजे काय होते, आणि मानेला वजन लावतात त्याने काय साधते, काय साधत नाही, हे आपण पाहू.

मानेत ७ मणके असतात. त्यांच्या बाजूच्या भोकांतून मज्जातंतूंच्या ८ जोड्या निघून खांद्याकडे, हाताकडे, बोटांकडे जातात. मणक्यांमधली गादी झिजली किंवा सरकली, कडेला हाड वाढले, की भोक अरुंद होते आणि तंतू चेपतो. शीर म्हणजे खरी रक्ताची नळी, पण 'शीर दबली' हा शब्द रुळलाच आहे, तेव्हा मीही तोच वापरतो. मुंग्या अंगठ्याकडे गेल्या तर सहावा तंतू, मधल्या बोटाकडे गेल्या तर सातवा, करंगळीकडे गेल्या तर आठवा, असा साधारण हिशेब आहे. गुरुजींना याची ओळख बहुधा फळ्याजवळ होते. मान वर करून दुखऱ्या बाजूला वळवली की कळ थेट बोटापर्यंत जाते. उलट तोच हात उचलून डोक्यावर ठेवला तर कित्येकांना बरे वाटते, कारण तंतूवरचा ताण तेवढा सैल होतो. तेव्हा रात्री कोणी डोक्यावर हात ठेवून बसला असेल, तर तो कर्जाच्याच विचारात असेल असे समजू नका!

आता तोलाचे पाहू. आपण कसे उभे आहोत, ही वर्दी मेंदूला तिघांकडून मिळते. डोळे एक, आतला कान दुसरा, आणि तळपाय, सांधे, स्नायू हे मिळून तिसरा. आतला कान डोक्यात बसलेला. डोके हलले एवढे त्याला कळते. पण नुसते डोके वळले की सगळे शरीर वळले, हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. ते मान सांगते. कवटीखालच्या लहान लहान स्नायूंत ही जाणीव फार बारीक असते. मान दुखून आखडली की वर्दीत गोंधळ होतो, आणि माणसाला अधांतरी चालल्यासारखे वाटते.

पण एक सांगून ठेवतो. चक्कर आली की मणक्यावर खापर फोडायची आपल्याकडे फार खोड आहे. अंथरुणात कूस बदलताना घर गरगर फिरते, ते बहुधा आतल्या कानाचे दुखणे असते आणि त्याचे उपचार निराळे. पन्नाशीनंतर फोटो काढला तर बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, असे होत नाही.

मान ताणण्याची कल्पना जुनी आहे. मुडदूस झालेल्या मुलांची वाकडी पाठ सरळ व्हावी म्हणून त्यांना झोळीने टांगण्याचा उपाय फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने १६५० साली लिहून ठेवला. हल्लीची रीत पुष्कळ सौम्य आहे. हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू यांना पट्टा, त्याला दोरी, दोरी कप्पीवरून घेतलेली आणि टोकाला वजन. किंवा हेच काम यंत्राने. विहिरीच्या कप्पीचाच प्रकार म्हणा. आपले डोके साधारण ४॥ ते ५ किलो भरते, म्हणून बसवून ताण दिला तर पहिले वजन डोके तोलण्यातच खर्च होते. निजवून दिला तर कमी पुरते. मान किंचित पुढे झुकलेली असावी आणि ओढ मागच्या बाजूवर यावी. जबडा दुखू लागला तर पट्टा चुकला आहे. वजन थोड्यापासून वाढवायचे असते, आणि पाळी बहुधा १५-२० मिनिटांची असते. कळ बोटांतून मागे सरकत मानेकडे येऊ लागली तर लक्षण चांगले. ती खाली पसरू लागली तर तिथेच थांबावे. पाळी संपल्यावर ताडकन उठू नये. आधी कुशीवर वळावे, बसावे, मग उभे राहावे.

याने गुण किती? काहींची कळ कमी होते, विशेषतः जोडीला व्यायाम असेल तर. पुष्कळांची शीर काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआपही शांत होते, हे विसरू नये. आणि तोल? कळ गेली, मान मोकळी वळू लागली, की काहींचे चालणे सावरते. पण नुसत्या वजनाने तोल परत येईल, असे माझ्याने सांगवणार नाही. तो पुन्हा शिकावा लागतो. तपासणी झाल्यावर, भिंतीजवळ, शेजारी कोणी उभे असताना, पाय जुळवून उभे राहणे, मग एक पाय दुसऱ्यापुढे ठेवणे, मग हळूहळू मान वळवणे, असा तो अभ्यास असतो.

आता मुख्य गोष्ट. असा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा, जो दिवसा बांधावरून नीट चालतो, पण दिवेलागणीला झोकांडतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पुढे झुकतो. पायातली चप्पल निसटते आणि त्याला पत्ताच नसतो. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. दुखणे मात्र फारसे नसते, म्हणून घरचे म्हणतात, वय झाले. हे वय नव्हे. इथे बाजूचा तंतू नव्हे, तर मणक्यांमधून जाणारा मज्जारज्जूच दबत असतो. पायांची वर्दी वर पोहोचत नाही. दिवसा डोळे ती उणीव भरून काढतात, अंधारात उघडी पडते. डोळे मिटताच रोगी डोलतो, ही खूण जर्मनीतील वैद्य मोरिट्झ रोम्बेर्ग यांनी १८४० ते १८४६ या काळातील आपल्या ग्रंथात एका निराळ्या रज्जूविकाराच्या संदर्भात नोंदवली. आजही डॉक्टर तीच पाहतात.

अशा माणसाच्या मानेला वजन लावायचे नाही. मालिश करणाऱ्याकडून किंवा दाढी करताना मान कडकन मोडून घ्यायची तर मुळीच नाही. संधिवाताने सांधे सैल झालेले, मणक्याचा क्षय, गाठ, मोडलेले हाड, फार ठिसूळ हाडे, यांनाही ताण वर्ज्य आहे. म्हणून आधी तपासणी, लागल्यास एमआरआय, आणि मगच वजन. रज्जू दबलेला निघाला तर शस्त्रक्रियेचा विचार वेळेवर करावा लागतो, कारण गेलेली ताकद सगळी परत येतेच असे नाही. लघवीवरचा ताबा सुटू लागला तर त्याच दिवशी निघा.

डॉक्टरांकडे जाताना कोणत्या बोटाला मुंग्या येतात आणि अंधारात चालणे कसे होते, हे नेमके सांगा. गुरुजींना आणखी एक सोय आहे. गेल्या वर्षीचे आपले टाचण आणि या महिन्याचे टाचण शेजारी ठेवून पाहा. अक्षर बदलले असेल, वेलांट्या थरथरत असतील, तर दोन्ही वह्या सोबत घेऊन जा.