आपल्या अंगावरचं कापड
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत घाम गाळलेली माणसं, तेव्हा कापडावर दोन शब्द बोलतो. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. का? तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे. आपली थुंकी सुताला लागली तर सवर्ण कामगार बाटणार! म्हणून आपण रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. गंमत पाहा, रिंग खात्यात आपल्या हातांनी निघालेल्या सुताचंच कापड सगळे नेसत होते. त्याचा विटाळ कुणाला झाला नाही.

पण याचं मूळ जुनं आहे. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, असा नियम मनुस्मृतीच्या १० व्या अध्यायात आहे. म्हणजे माणूस दुरून दिसला की जात कळली पाहिजे, विचारायला नको. आपल्या आज्या-पणज्यांचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कोपरापर्यंत कथलाचे गोटे, गळाभर गळसऱ्या. त्यांना तो शृंगार वाटे, गावाला ती खूण वाटे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या बायकांशीही बोलले. फाटकं असलं तरी स्वच्छ नेसा, लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, ते गोटे-गळसऱ्या टाका, असं त्यांनी सांगितलं. लक्ष्मीबाई टिपणीस, इंदिराबाई चित्रे यांनी नेसण्याची पद्धत दाखवली. काही विद्वान म्हणतात, ही सवर्णांची नक्कल झाली. आम्हांला हे पटत नाही. ज्याची मनाई होती ते चारचौघांत करायला छाती लागते. बाबासाहेबांच्या कोटालाही नावं ठेवणारे होतेच. पंचा नेसून गरीब दिसणं ज्याला जमतं त्याला जमो, आपल्याला गरिबी मुद्दाम दाखवायची पाळी कधी आली नाही.

आता थोडं घरातलं बोलतो, राग मानू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब पांढऱ्या वस्त्रांत होते, म्हणून पांढरा रंग आपल्याला प्रिय आहे. पण पौर्णिमेला चार घरची धुणीभांडी उरकून एक बाई कामाच्याच साडीवर वंदनेला येतात आणि चपलांपाशी बसतात. पुढे या म्हटलं तर म्हणतात, "नको दादा, पांढरी नाय नेसले." हे त्यांच्या मनात कुणी भरवलं? पंचशीलात कपड्याची अट नाही, २२ प्रतिज्ञांत नाही. एखादी पोरगी जीन्स घालून आली की डोळे वटारणारेही आहेत. ते स्वतः मात्र धोतर नेसून येत नाहीत, पॅन्टच घालून येतात!

बाहेर फळ्यावर 'पांढरी वस्त्रे आवश्यक' असं लिहिलेलं आहे. त्यातला 'आवश्यक' पुसावा, ही कार्यकारिणीला विनंती. स्वच्छ कपडे, एवढं पुरे. आणि येत्या पौर्णिमेला त्या बाईंना पुढच्या सतरंजीवर बसवावं.

एवढं बोलून थांबतो. नमो बुद्धाय, जयभीम.