निजलेलीं बीजें आणि त्यांचे राखणदार

जुन्या घरांतून कणगींतील धान्य रोज मापानें काढीत; कारण भरलेली बेगमी पुढील पिकापर्यंत पुरवावयाची असे. स्त्रीच्या अंडाशयांतील बेगमी याहूनहि नाजूक; तिला पुढील पीकच नाहीं. मुलगी जन्मते त्या वेळीं तिच्या अंडाशयांत सुमारें १० ते २० लाख बीजपुटकें असतात. बीजपुटक म्हणजे अपक्व अंडपेशी व तिच्याभोंवतीं असलेलें लहान पेशींचें कवच. यांपैकीं उणींपुरीं ४०० ते ५०० अंडबीजेंच आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीचीं विरून जातात. जीं निजलेलीं असतात, त्यांना जागें कोण करतें?

वाढावयाचें म्हणजे पेशीस प्रथिनें हवींत. तीं ज्या कारखान्यांत तयार होतात त्यास रायबोसोम म्हणतात. त्याच्या लहान घटकांत ‘एस ६’ नांवाचें एक प्रथिन आहे. वाढीची आज्ञा येतांच त्याच्या पांच ठराविक जागीं फॉस्फेटचे कण येऊन चिकटतात. यासच फॉस्फरिलीकरण म्हणतात. ही आज्ञा हातोहात येते. बाहेरील वाढद्रव्य पेशीच्या कवचावर थाप मारतें. मग पीआय-३ कायनेज, एकेटी, एमटॉर व एस-६ कायनेज हे एकामागून एक निरोपे ती पुढें पोंचवितात. वाढत्या पुटकाच्या भोंवतालच्या पेशींत मस्तिष्क-ग्रंथीचें एफएसएच हें संप्रेरकहि याच एमटॉरला जागें करतें.

परंतु आज्ञेइतकाच आवरहि महत्त्वाचा. पीटेन नांवाचें प्रथिन या मालिकेस लगाम घालतें. २००८ सालीं उंदरांच्या अंडपेशींतून तें काढून टाकतांच निजलेलीं सर्व पुटकें एकदम जागीं झालीं, त्या अंडपेशींत एस ६ वरील खुणा वाढल्या, आणि ऐन तारुण्यांत अंडाशय रिकामें झालें. ईस्टर बेटाच्या मातींतील जंतूपासून मिळालेलें रॅपामायसिन हें औषध एमटॉरला थोपवितें. उंदरांत त्यानें ही जागृति मंदावते.

मात्र खुणेलाच कारण समजणें चुकीचें ठरेल. २००५ सालीं ज्या उंदरांच्या एस ६ वरील त्या पांचहि जागा बदलल्या, ते जगले आणि त्यांना पिलेंहि झालीं. म्हणजे ही खूण आज्ञा पोंचल्याची पावती आहे. जागृतीचा सारा भार तिच्यावर नाहीं.

कांहीं स्त्रियांची ही बेगमी चाळिशीच्या आंतच सरत येते व मातृत्वाची आशा मावळते. अशांसाठीं २०१३ सालीं जपानी व अमेरिकन संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंडाशयाचे बारीक तुकडे करून, दोन दिवस याच मालिकेस चेतविणाऱ्या औषधांत ठेवून, ते त्याच स्त्रीच्या शरीरांत परत बसविले. पुढें एका स्त्रीस मूल झालें. तथापि या उपायानें जागें होतें तें शिल्लक उरलेलें बीज. रित्या कणगींत नवा दाणा त्यानें पडत नाहीं.