सलीम अलींचा वारसा आणि तानसाचे रान

(सापगाव येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाखरे न्याहाळणे हा खाऊन-पिऊन सुखी माणसांचा छंद, अशी समजूत आपल्या चळवळीत फार दिवस रुजलेली आहे. सलीम अलींचे नाव निघाले की ती डोके वर काढते. म्हणून प्रथम हे सांगतो की, 1930 साली बर्लिनहून शिकून परतलेले सलीम अली बेकार होते. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती आणि विद्यापीठाची पदवी हाती नव्हती. पत्नी तहमिनांसह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तेथे त्यांनी सुगरणींची वसाहत तासन् तास पाहिली. घरटे नर विणतो, मादी ते अर्धवट असतानाच पारखून पसंत करते आणि ती अंड्यांवर बसली की नर पुढच्या घरट्याच्या विणकामाला लागतो, हे सारे त्यांनी टिपून ठेवले. किहीमच्या गुराख्यांना यातले निम्मे ठाऊक असेलही. पण त्यांना कोणी विचारले नव्हते!

त्यांच्या संरक्षणकार्याची कसोटी मात्र भरतपूरला लागली. संस्थानी काळात ते पाणथळ म्हणजे शिकारखाना होता. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4273 पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर तेथील जमीन व पाणी शेतीला द्यावे अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु 1982 साली तेथे गुरे चारण्यास बंदी आली आणि सलीम अलींचे वजनही बंदीच्याच पारड्यात होते. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. पुढे काय झाले? म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवीत, ते माजले. उथळ पाणी गवताने भरले आणि पाणपक्ष्यांनाच जागा अपुरी पडू लागली. हा निष्कर्ष गुरांच्या मालकांचा नव्हे. सलीम अलींनी आयुष्यभर वाढवलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1980 पासून दहा वर्षे अभ्यास करून तो 1991 साली मांडला. तोवर सलीम अलींना जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांच्या वारशातून एकच वस्तू घ्या, असे मला कोणी सांगितले तर मी तो अहवाल उचलीन.

आता आपल्या दाराशी येऊ. 1892 साली मुंबईच्या पाण्यासाठी तानसाचे धरण बांधले गेले. 1970 साली भोवतालचे रान अभयारण्य ठरले. 1884 नंतर शास्त्रज्ञांना न दिसलेला वनपिंगळा 1997 साली शहाद्याच्या रानात सापडला आणि 2014 साली याच तानसात. विरळ सागवानी रानात राहणारा हा पक्षी. ज्या रानात कातकरी, ठाकूर, वारली मोहफुले व सरपण वेचतात, तेच हे रान. मुंबईला पाणी देणाऱ्या याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. उद्या वनपिंगळ्याच्या नावाने त्यांना रानातूनही हटवायचे काय?

2006 चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. सहजीवनाचा पर्याय उरलेला नाही असे ठरल्यावाचून व ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून तेथील वनहक्कांना हात लावता येत नाही. पण आपले कार्यकर्ते दावे भरताना सातबारा, शिधापत्रिका, वडीलधाऱ्यांचे जबाब एवढ्यावर थांबतात. कोणत्या माळावर गुरे चरतात, कंद कोठे व किती ठेवून खणतात, वणवा कोण विझवतो, पिंगळा कोणत्या ढोलीत बसतो, हे तारीखवार लिहिलेले आपल्याकडे काहीच नसते. प्रत्येक पाड्यावर एक वही ठेवावी आणि ती ग्रामसभेत दरमहा वाचावी, अशी माझी सूचना आहे. वनपिंगळा दिवसाही वावरतो. गुरांमागे जाणाऱ्या मुलांनाच तो आधी दिसेल. पहिली वही त्यांच्याच हाती द्या.