‘शॅम्बल्स’ : एका शब्दाची हकीकत



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतच. पुढचे झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि जुन्या बाजारात घेतलेल्या एका इंग्रजी कोशात. त्या कोशातल्या एकाच शब्दाविषयी आज बोलणार आहे. तो शब्द ‘शॅम्बल्स’. आजचा अर्थ गोंधळ, पसारा, बजबजपुरी.

हा शब्द मला प्रथम भेटला एका चौकशीच्या कागदात. आमच्या खात्यात प्रेसखाली एका सोबत्याची दोन बोटे गेली. यंत्राला गार्ड नव्हता. मॅनेजरसाहेबांनी अहवालात लिहिले की, खाते म्हणजे शॅम्बल्स झाले आहे. माल कुठेही पडलेला, माणसांना शिस्त नाही, म्हणून अपघात झाला, असा त्याचा भाव. रात्री मी कोश उघडला आणि चमकलो. तिथे आधी दिलेला अर्थ होता खाटीकखाना.

या शब्दाचे मूळ लॅटिन. जुन्या इंग्रजीत तो आला तेव्हा अर्थ होता साधे बाकडे. त्याचे झाले विक्रीचे मेज, मग मांस मांडण्याचा फळा, मग मांसाचा बाजार. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तो बाजार याच अर्थाने आहे. इंग्लंडात यॉर्क शहरी या नावाची अरुंद गल्ली आजही आहे. १८७२ साली तिथे खाटकांची पंचवीस दुकाने होती. आता खाटीक गेले, पण काही दुकानांवर मांस टांगण्याचे आकडे दिसतात. बाजारावरून शब्द कत्तलखान्याला लागला, तिथून रक्तपाताच्या जागेला. शेक्सपिअरने तो तसाही वापरला आहे. विसाव्या शतकात त्यातले रक्त पुसले गेले आणि नुसता पसारा उरला. २०१२ साली तर ‘ऑम्निशॅम्बल्स’, म्हणजे सगळीकडून गोंधळ, हा ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ब्रिटनमधला वर्षाचा शब्द ठरवला. मूळचा तो दूरदर्शनवरच्या एका विनोदी मालिकेतला, सरकारी कारभारावरचा.

आपल्या ‘गोंधळा’ची वाट निराळी. तो देवीचा कुलाचार. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्यावर रात्र जागवायची. प्रत्येक गोष्टीला क्रम आहे. दुरून ऐकणाऱ्याला मात्र नुसता कल्लोळ वाटतो. आमच्या द्वारसभांनाही लोक गोंधळच म्हणतात. कोण आधी बोलणार, वर्गणी कोण मोजणार, हे आत ठरलेले असते, ते रस्त्यावरून दिसत नाही.

चौकशीच्या दिवशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “साहेब, आपला शब्द बरोबर आहे. फक्त त्याचा जुना अर्थ घ्यावा.” कोश पुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला आणि परत केला. काही बोलले नाहीत.

त्या शब्दाने गार्ड बसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. साऱ्या खात्याने काम बंद ठेवले, तेव्हा तो बसला. पण काय मागायचे ते त्या रात्री कोशाने स्पष्ट केले. आम्ही तोवर आपल्या शिस्तीची सफाई देत बसलो होतो.

म्हणून एवढीच विनंती. कोणी एखाद्या जागेला गोंधळ म्हणाले, की मान डोलावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. तिथे इजा कोणाला झाली? आणि ती जागा नीट ठेवण्याचे काम कोणाचे होते?